सुभेदाराच्या तीन डब्या

१

सयाजी पंचायतीत बोलायला उभे राहिले, की रस्त्याने जाणारे गाडीवान बैल थांबवून ऐकत. सयाजींचे चिरंजीव रखमाजी. त्यांनी दोन गावांमधला शिवेचा तंटा एका बैठकीत, नुसत्या बोलण्याने मिटवला. रखमाजींचे ईश्वर. त्यांच्या हाकेला तिसऱ्या रानातला सालगडीसुद्धा ओ देई. आणि या ईश्वररावांची थोरली लेक म्हणजे तुळजाबाई. शिरूर तालुक्यातल्या त्या घराला जमिनीपेक्षा जिभेचा अभिमान मोठा होता, आणि लग्न होऊन दौंड तालुक्यातल्या खुटबावला येताना तुळजाबाईंनी तो अभिमान माहेरच्या दागिन्यांबरोबर आणला होता. दागिने पुढे लेकीसुनांत वाटले गेले. अभिमान मात्र चौऱ्याहत्तराव्या वर्षीही जिथल्या तिथे होता.

म्हणूनच धाकट्या भावाचे दुखणे त्यांच्या फार जिव्हारी लागले. हौसराव पाणीवापर संस्थेचे वीस वर्षे चेअरमन. त्यांचे भाषण म्हटले की आजूबाजूच्या वाड्यावस्त्या लोटत. गेल्या वर्षी त्यांच्या उजव्या अंगावरून वारे गेले आणि वाचा बसली. समोरच्याचे सगळे कळे, पण तोंडातून 'अं'पलीकडे काही निघेना. डॉक्टरांनी बजावले, "पहिल्या दीड-दोन वर्षांत जेवढं बोलतील तेवढं परत येईल. सराव सोडू नका." पण सराव म्हणजे चुकणे, आणि माणसांसमोर चुकायला हौसराव तयार नव्हते.

तेव्हा तुळजाबाईंनी आपला सुभेदार त्यांच्याकडे धाडला.

सुभेदार म्हणजे राखाडी अंगाचा, लालभडक शेपटीचा आफ्रिकी पोपट. दौंडच्या एका निवृत्त रेल्वे गार्डाने गाव सोडताना तो वन खात्याच्या नोंदणीच्या कागदासह त्यांच्या स्वाधीन केला होता. पोपटाला बोलायला शिकवणे हे तुळजाबाईंच्या मते स्वयंपाकाइतकेच शिस्तीचे काम. वेळ एकच, पहाटेची. आवाज एकच, वाक्य एकच, आणि वाक्य संपले की एक सुकी मिरची. पोपटाला तिखट लागत नाही. महिनाभर पाखरू नुसते ऐकते. मग तिन्हीसांजेला, जवळ कुणी नसताना, ते स्वतःशीच पुटपुटू लागते. पुटपुट सुरू झाली की आठ-दहा दिवसांत वाक्य खणखणीत बाहेर पडते, आणि तेही शिकवणाऱ्याच्याच आवाजात, त्याच्या खोकल्यासकट.

पाखरासमोर चुकायची लाज नव्हती. सहा महिन्यांत हौसराव सुभेदाराला 'चहा', 'पाणी', 'ये' असे सुटे शब्द शिकवू लागले, म्हणजे स्वतःच ते बोलू लागले. तुळजाबाईंना भावाची वाचा परत येताना दिसत होती.

आणि डिसेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी त्यांचा फोन वाजला. पलीकडे हौसरावांची सून अनुपमा होती.

"आत्याबाई, सुभेदार नाही."

"नाही म्हणजे? मेला?"

"पिंजऱ्याचं दार बंद आहे, कडी लावलेली आहे. आत तो नाही."

तेवढ्यात हौसरावांच्या मुलाने, विश्वजीतने, फोन ओढून घेतला. "आत्या, काळजी करू नगा. चोर घावलाय. सत्तारचाचा! उद्या पोलीस चौकीत जाऊन नाव देतो."

सत्तार शेख हे बांधाला बांध लागून असलेले शेजारी. तुळजाबाईंनी त्यांना लहानपणी मांडीवर खेळवले होते.

"विश्वजीत," त्या म्हणाल्या, "मी येईपर्यंत चौकीची पायरी चढलास, तर माझ्या घराची पायरी तुला बंद."

२

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता चौफुला, न्हावरा असा प्रवास करून तुळजाबाई भावाच्या वस्तीवर उतरल्या. पाणीसुद्धा न घेता त्या मागच्या ओसरीवर गेल्या. मोठा पिंजरा टांगलेला होता, दाराची कडी नीट लावलेली होती. तळाशी पिसे पडलेली नव्हती, दाणे सांडलेले नव्हते.

"काल किती वाजता कळलं?"

"एक वाजता," अनुपमा म्हणाली. "मी साडेअकराला पाणी बदललं तेव्हा होता."

"ओरडला नाही?"

"नाही. मी स्वयंपाकघरातच होते की. हे बघा, भिंतीला भिंत."

तुळजाबाईंनी मान डोलावली. परक्या माणसाने पिंजऱ्यात हात घातला, तर सुभेदार बोट फोडतो आणि बोंब तर अशी मारतो, की न्हावऱ्यापर्यंत ऐकू जावी. अंगावर फडके टाकून धरू पाहणाऱ्याचे तर तो हालच करतो. म्हणजे त्याला कुणी पकडले नव्हते. तो आपल्या पायांनी बाहेर आला होता.

विश्वजीत मोबाईल घेऊन आला. फाटकावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण त्याने पुढे धरले. "ह्ये बघा. अकराला हर्षदा मॅडम स्कूटीवर आल्या, बाराला गेल्या." हर्षदा म्हणजे हौसरावांना बोलण्याचा सराव देणारी मुलगी. सणसवाडीला खोली घेऊन राहणारी ही मुलगी सोमवारी आणि गुरुवारी येई. "त्यांची ती चित्रांच्या पाट्यांची पिशवी कायमचीच हाय. आन् आता ह्ये बघा. बारा वीस. सत्तारचाचा, मोटारसायकलीवर, मागं टोपली, टोपलीवर फडकं! फाटकापाशी थांबले, आत डोकावले. मागच्या बाजूला तर कॅमेराच न्हाई."

"टोपलीत काय होतं?"

"कबुतरं हायेत म्हनतात. पन टोपली उघडून कुनी बघितली?"

"तू तुझ्या बापाला विचारलंस?"

विश्वजीतचा चेहरा उतरला. "विचारलं. 'चाचानं न्हेला का?' म्हनलं. आबांनी मान हलवली, न्हाई म्हनून. आन् रडाय लागले. आता दोस्ताचं नाव आबा कसं घेतील? आत्या, ह्यो पक्षी पन्नास हजाराच्या खाली मिळत न्हाई."

"कागद कुठाय?"

नोंदणीचा कागद पिंजऱ्याशेजारच्या खिळ्याला, प्लास्टिकच्या पाकिटात, जसाच्या तसा होता.

"विकायला नेणारा हा पहिल्यांदा घेईल," तुळजाबाई म्हणाल्या. "याच्याशिवाय पक्षी घेणारा स्वतःच अडकतो. कबुतरांच्या बाजारात चाळीस वर्षं उठबस करणाऱ्या सत्तारला एवढं कळत नाही?"

"घाईत राह्यला असंल."

"घाईत असलेला चोर कडी लावून जातो होय रे?"

विश्वजीत हटला नाही. "संध्याकाळी सहापर्यंत थांबतो, आत्या. तुमच्या शब्दासाठी. सहानंतर चौकी."

तुळजाबाई फळीकडे वळल्या. सुभेदाराला ज्यातून इथे आणले तो लहान पिंजरा आबांच्या पलंगाखाली असे, तोही जागेवर नव्हता. फळीवर सात छोट्या डब्या ठेवायची जागा होती. अनुपमा मोठी टापटिपीची. आबांच्या गोळ्यांप्रमाणेच सुभेदाराचे दाणेही ती दर सोमवारी सकाळी वारांच्या डब्यांत भरून ठेवी, डब्यांवर वाराचे नाव चिकटवलेले. तुळजाबाईंनी डब्या उचलून पाहिल्या. सोमवार रिकामी, मंगळवार रिकामी, बुधवार, गुरुवार रिकामी.

शुक्रवार, शनिवार आणि रविवार या तीन भरलेल्या डब्या तिथे नव्हत्याच.

३

"सूनबाई, खरं सांग. तुला त्या पाखराचा कंटाळा आला होता ना?"

अनुपमाने पोळपाट बाजूला सारला. "आला होता. ओसरी दिवसातनं तीनदा झाडायची, वर माझ्या आवाजात 'कुकर बंद कर' म्हणून ओरडायचा. मी बंद करायला उठायचे, तर कुकर लावलेलाच नसायचा! पण आत्याबाई, आबा 'चहा' म्हणाले त्या दिवशी मी देवापुढे साखर ठेवली, आणि त्यातली चिमूटभर त्यालाही दिली. मी कशाला हाकलू त्याला?"

तुळजाबाईंना हे उत्तर आवडले, पण त्यांनी ते चेहऱ्यावर दाखवले नाही.

"गेल्या काही दिवसांत त्याचं काही वेगळं दिसलं?"

"आजारी होता. घसा बसला होता त्याचा."

"पोपटाचा घसा?"

"हो ना. आठवडाभर रोज दिवेलागणीला ऐकायचे मी. कुणी नसलं की एकटाच पुटपुटायचा. जाड, ओढत ओढत, मध्येच अडखळून. लांबच्या लांब. शब्द एक कळेल तर शपथ. मी हळदीचं पाणीसुद्धा ठेवलं, तर त्यानं वाटीच उपडी केली."

तुळजाबाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. आठवडाभर पुटपुट, म्हणजे कुणीतरी महिन्याहून अधिक काळ त्याला नवे काही शिकवत होते. एखादा शब्द नव्हे, एक लांब वाक्य. आणि ते दोन-चार दिवसांत उघड बाहेर पडणार होते.

"मिरच्या पुरतात का गं तुला?"

"तुम्हाला कसं कळलं? डबा भरून ठेवला की पंधरवड्यात तळ दिसतो. मी विश्वजीतवर संशय घेत होते. रात्री ठेचा करून खातात की काय म्हणून."

दुपारी ताट वाढले. हौसराव डाव्या हाताने जेवत होते. तुळजाबाई त्यांच्याकडे न पाहता पाहत होत्या. भावाने बाजरीची एक भाकरी संपवली. दुसरी घेतली आणि वांग्याची भाजीही खुणेने पुन्हा मागून घेतली. सुभेदार आला त्या महिन्यात त्याला एकदा सर्दी झाली होती, तेव्हा याच माणसाने दोन दिवस ताट परत पाठवले होते. आणि आज? पाखरू गेल्याला एक दिवस झाला, आणि दुसरी भाकरी! फक्त विश्वजीत बोलताबोलता "सत्तारचाचा" म्हणाला, तेव्हा घास तोंडाशी थांबला आणि डोळे भरून आले.

जेवण झाल्यावर तुळजाबाईंनी त्यांच्या सदऱ्याची बाही नीट करण्याच्या निमित्ताने डाव्या खिशात बोटे घातली. हाताला लागले ते त्यांनी मुठीत घेतले आणि ओसरीवर येऊन पाहिले. सुक्या मिरच्यांचे देठ होते, चांगले आठ-दहा.

मग त्यांनी हर्षदाला फोन लावला.

"मी हौसरावांची बहीण. सुभेदार नाहीसा झालाय, समजलं का?"

"हो, अनुपमाताईंचा मेसेज आला होता, आजी." मग ती म्हणाली, "आबांनी आज सराव केला का? आज चुकवायचा नाही म्हणावं. आज तर मुळीच नाही."

"पाखराशिवाय करतील?"

"करतील. त्यांना सांगा, मी सोमवारी येतेच आहे."

"बाई, पाखराचं काय झालं असेल असं तुला वाटतं?"

पलीकडून आवाज आला, नम्र पण ठाम. "आजी, पेशंटबद्दल मी घरच्यांशीसुद्धा एका मर्यादेपलीकडे बोलत नाही."

फोन ठेवून तुळजाबाई बराच वेळ रिकाम्या पिंजऱ्यासमोर बसल्या. आपण विचारले पाखराबद्दल, आणि ही मुलगी उत्तर देते पेशंटबद्दल!

पाखरू कुठे आहे, हे त्यांना आता कळले होते. कळले नव्हते ते एकच. नेले का? आणि त्याचे उत्तर या घरात नव्हते.

४

सत्तारभाई कबुतरांच्या खुराड्यापुढे बसले होते. त्यांची बायको रोशनबी हिने खाट टाकली, पण सत्तारभाई उठले नाहीत. हे आजवर कधी झाले नव्हते.

"आक्का, तुमी आलात म्हून बसा म्हनतो. टोपली ती बघा. कबुतरं मोजून घ्या. काल फाटकापाशी थांबलो ते हौसराव दिसतो का बघाय."

"मी मोजणी करायला आले नाही, सत्तार. मला दुसरंच विचारायचंय. तू दर शुक्रवारी नमाज झाली की हौसाकडं येतोस. कधीपासून?"

"वरीस झालं असंल."

"आणि त्याआधी?"

सत्तारभाईंनी कबुतरापुढे ज्वारी टाकली. "त्याच्या आधी न्हाई."

"शेजारी राहून?"

"आक्का, हौसराव बोलायचा तवा मी येत न्हवतो. बोलायचा बंद झाला, तवापासनं येतो."

चौऱ्याहत्तर वर्षांत इतके जड वाक्य तुळजाबाईंच्या कानांवर पडले नव्हते. "स्पष्ट सांग," त्या म्हणाल्या.

"सांगून काय करता? तुमचाच भाऊ हाय."

"म्हणूनच सांग."

रोशनबीने चहा आणून ठेवला आणि तीच म्हणाली, "सांगा की आक्काला. आज तरी सांगा. चोर म्हनत्यात तुमाला, आन् तुमी गप बसताय."

मग सत्तारभाई बोलले, थांबत थांबत. शहाऐंशी सालचा उन्हाळा. हौसरावांनी नवी द्राक्षबाग लावलेली, कालव्याचे पाणी ओढगस्तीचे. प्रत्येकाची पाणी घ्यायची पाळी ठरलेली. एका रात्री हौसराव या अंगणात आले आणि म्हणाले, "सत्तार, तुझी पाळी मला दे, पुढच्या आवर्तनाला फेडतो." सत्तारने दिली. पुढचे आवर्तन आले, कालव्याला पुन्हा पाणी सुटले, तेव्हा म्हणाले, "अजून एक." अशा चार पाळ्या गेल्या. बाग जगली. सत्तारचा कांदा जागेवर वाळला.

"मग म्या ग्रामसभेत उठून म्हनलं, माझ्या चार पाळ्या कवा देता? कागद तर काय न्हवता. हौसराव तवा नुकताच चेअरमन झालेला. त्यो उभा राह्यला, आन् काय बोलला म्हनता! लोक हसून हसून लोळले. 'सत्तारनं पाळ्या झोपंत घालवल्या, आन् आता सपनात बघितलेलं पानी मागतोय.' तवापासनं माझ्या रानाला समदा गाव 'झोप्याचा तुकडा' म्हनतो. माझ्या नातीच्या शाळंत बी म्हनतात."

तुळजाबाईंना त्या भाषणाची कीर्ती खुटबावला कळली होती. 'भाऊ सभा गाजवतो,' म्हणून त्यांनी त्या वेळी सासरी पेढे वाटले होते. हे त्यांना आठवले आणि त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"तरी त्याच्या दुखण्यात येतोस?"

"म्या बघाय गेलो पहिल्यांदा. खरं सांगतो, बरं वाटलं मनाला. म्हनलं, बसली वाचा. मग त्यानं माझा हात धरला, डाव्या हातानं. सोडंचना. दर शुक्रवारी धरतो, आन् तोंड नुसतं हालवतो. काय म्हनतो त्ये कळत न्हाई. पन जावंसं वाटतं." त्यांनी पुन्हा मूठभर ज्वारी टाकली. "आज न्हाई जानार. चोराचा शिक्का घिऊन त्या फाटकात पाय ठेवनार न्हाई."

तुळजाबाई उठल्या. उरलेला एक दुवा आता जागेवर बसला होता.

"सत्तार, पाच वाजता तू येशील. तुझ्यासाठी नव्हे, माझ्यासाठी. ईश्वररावांची लेक तुझ्यापुढं पदर पसरते."

सत्तारभाई ताडकन उभे राहिले. "आक्का, आसं नगा करू!"

परतीच्या बांधावरून त्यांनी पुन्हा फोन लावला. "हर्षदा, तू काही सांगू नकोस, मीही विचारत नाही. फक्त एवढं ऐक. पाखराच्या चोरीचा आळ सत्तारवर आलाय, आणि सहा वाजता माझा भाचा चौकीत जाणार आहे."

पलीकडे मुलीने श्वास आत ओढला. "सत्तारचाचांवर? आजी, हे मला कुणी... मी निघाले."

५

पाच वाजता पुढच्या ओसरीवर सगळे जमले. हौसराव खुर्चीत, शेजारी अनुपमा. विश्वजीत खांबाला टेकून उभा. सत्तारभाई पायरीच्या खालीच, चपला न काढता. तुळजाबाई मधोमध बसल्या.

"विश्वजीत, चोर पाखरू नेतो तेव्हा कागद नेतो, दाणे नेत नाही. इथं कागद राहिला आणि दाणे गेले, तेही मोजून तीन दिवसांचे. शुक्रवार, शनिवार, रविवार. म्हणजे नेणाऱ्याला पाखरू उपाशी ठेवायचं नव्हतं, आणि सोमवारी ते परत यायचं होतं. सोमवारी या घरात कोण येतं?"

"हर्षदा मॅडम," अनुपमा पुटपुटली.

"मॅडम?" विश्वजीत म्हणाला. "पन त्या कशाला? त्यांचं तर कामच त्या पक्ष्यावर चालतंय."

"हेच मी म्हणते. पाखरू गेल्यानं ज्यांचं सगळ्यांत मोठं नुकसान, ते दोघंच निश्चिंत. ती मुलगी 'सापडला का?' म्हणून विचारत नाही, आणि तुझा बाप दुपारी दोन भाकरी खातो. रडतो तो पाखरासाठी नाही, सत्तारचं नाव निघालं की रडतो. आता आणखी एक. पाखरू ओरडलं नाही, आपण होऊन लहान पिंजऱ्यात शिरलं, आणि तो पिंजरा पाट्यांच्या पिशवीतून फाटकाबाहेर गेला. ते कुणाच्या हातच्या मिरचीला चालत येतं? पहाटे, घर झोपेत असताना, त्याला कोण मिरच्या देतं? देठ कुणाच्या खिशात आहेत?"

सगळ्यांच्या माना हौसरावांकडे वळल्या. हौसराव जमिनीकडे पाहत होते.

"आबा?" विश्वजीत खाली बसला. "आवो, पन का?"

"तुझ्या बायकोला वाटलं, पोपटाचा घसा बसलाय. घसा बसला नव्हता. तो आपल्या गुरूच्या आवाजात बोलायला शिकत होता. अडखळत, ओढत, लांब वाक्य. तुझा बाप महिनाभर पहाटे उठून एकच वाक्य घोटत होता, ज्याला ते ऐकवायचं त्या माणसासाठी. आणि परवा त्याच्या ध्यानात आलं, की पाखरू आपल्या आधी पाठ करून बसलंय. आज शुक्रवार. तो माणूस आज येणार, आणि हौसाच्या तोंडून यायचं ते आधी पिंजऱ्यातून त्याच्या कानावर पडणार. म्हणून त्यानं पाखरू तीन दिवसांसाठी दूर पाठवलं. एवढंच. वाक्य काय आहे ते मी सांगणार नाही. तो हक्क माझा नव्हे."

फाटकावर स्कूटी थांबली. हर्षदा लहान पिंजरा दोन्ही हातांत धरून धावत आली. "मला माफ करा, चाचा. आबांनी एका हातानं मला नमस्कार केला, आजी. मी नाही म्हणू शकले नाही. कारण मात्र मी अजूनही सांगणार नाही."

तिने पिंजरा खाली ठेवला. धक्क्याने वरचे फडके घसरले. सुभेदाराने एक डोळा तिरपा करून सगळ्यांना न्याहाळले. हौसराव दिसताच मान फुगवली. आणि मग हुबेहूब हौसरावांसारखा खाकरला.

तुळजाबाईंनी तो आवाज ओळखला. वाक्याआधीचा खोकला!

"स…" सुभेदाराने सुरुवात केली.

"सत्तार!"

ओसरी दणाणली. हौसराव डाव्या हाताने खुर्चीचा हात दाबून अर्धे उठले होते. मानेच्या शिरा ताणल्या होत्या, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ ओघळत होती, आणि या वेळी ती पुसायला ते थांबले नाहीत.

"सत्तार… पानी… तुजं… व्हतं. म्या… खोटं… बोल…लो."

पाखरू मान वाकडी करून ऐकत राहिले. अनुपमाने पदर तोंडाला लावला. विश्वजीतला त्यातले काहीच कळले नव्हते, पण बापाने वर्षभरात पहिल्यांदा सबंध वाक्य उच्चारले होते, आणि तो लहान मुलासारखा रडत होता.

सत्तारभाईंनी चपला काढल्या. पायऱ्या चढून ते खुर्चीपाशी आले आणि हौसरावांना धरून खाली बसवले.

"ऐकलं म्या," ते म्हणाले. मग अगदी सावकाश, "पन हौसराव, त्ये खोटं तू चार भिंतीत बोलला न्हवतास."

हौसरावांनी त्यांच्याकडे पाहिले आणि मान डोलावली. एकदा, मग दुसऱ्यांदा.

६

तुळजाबाई त्या रात्री खुटबावला परतल्या नाहीत. त्यांनी विश्वजीतला समोर बसवून शहाऐंशी साल सांगितले. घराण्याची बाजू न घेता, एकही शब्द न गाळता. ऐकून तो उठला आणि कालव्याचे पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला फोन लावू लागला.

"आत्या, ह्या आवर्तनाला आमची पाळी चाचांच्या रानात जाईल."

"आमची नव्हे. त्यांचीच. आणि आधी जाऊन पाया पड त्यांच्या."

तो गेला. सत्तारभाईंनी त्याला पाया पडू दिले नाही, पण टोपलीतली कबुतरे मात्र एक एक करून मोजायला लावली, आणि रोशनबी पोट धरून हसली.

डिसेंबरात एक पाळी गेली, जानेवारीत एक, मार्चात एक. एप्रिलच्या उन्हात चौथी गेली, तेव्हा विश्वजीतच्या स्वतःच्या उसाने माना टाकल्या होत्या. तरीही त्याने पहाटेपर्यंत पाण्याची दारे धरून पाणी पलीकडेच काढले. सत्तारभाईंचा कांदा त्या साली पोसला. हर्षदा सोमवार-गुरुवार येत राहिली. आता सराव चारचौघांत, पुढच्या ओसरीवर होऊ लागला. हौसराव चुकत, विश्वजीत हसे, सुभेदार त्या दोघांची नक्कल करी, आणि हौसराव "गाढवा" म्हणायला शिकले. कुणाला उद्देशून, हे त्यांनी गुलदस्त्यात ठेवले.

एक मेच्या ग्रामसभेला तुळजाबाई मुद्दाम आल्या. शाळेच्या पटांगणात मंडप भरला होता. विषय संपत आले, तेव्हा हौसराव काठी टेकत उभे राहिले. पुढे आणलेला माईक त्यांनी डाव्या हाताने बाजूला सारला.

"शहा…ऐंशी साली," ते म्हणाले, आणि पुढचा शब्द येईपर्यंत सभा थांबली. "सत्तार… झोपला न्हवता. चार पाळ्या… म्या… घेतल्या. हितंच… म्या खोटं बोल…लो. तुमी… हसलात. त्या रानाला… त्या नावानं… कुनी… हाक मारायची… न्हाई."

एवढ्याला चार-पाच मिनिटे लागली असतील. एकदा जीभ पार अडकली, तेव्हा ग्रामसेवकाने शब्द सुचवायला तोंड उघडले. तुळजाबाईंनी नुसते पाहिले आणि त्याने ते मिटले. एरवी मध्येच उठून जाणारी, बिड्या ओढणारी, फोनवर बोलणारी ती सभा जागची हलली नाही. सयाजी, रखमाजी, ईश्वर यांची भाषणे तुळजाबाईंनी ऐकलेली किंवा त्यांच्या ऐकिवातली होती. याच्या तोडीचे त्यांतले एकही नव्हते, असे त्यांना वाटले, आणि ते त्यांनी पुढे उघडपणे बोलूनही दाखवले.

सत्तारभाई मागच्या रांगेतून उठले. मंडपाच्या मधून चालत येऊन ते हौसरावांसमोर उभे राहिले.

"पानी एप्रिलातच फिटलं व्हतं," ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "आज बाकीचं फिटलं. माझं आता ह्या घराकडं कायबी येनं न्हाई."